माझा उजेड, तुझे डोळे

जुन्या पिकअपच्या मालकाची तक्रार खरी आहे, हे सुरुवातीलाच मान्य करतो. दहा-बारा वर्षे राबलेली गाडी, हौद्यात टोमॅटोची कॅरेट थरावर थर रचलेली, नारायणगावातून रात्री निघून पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचायचे, वाटेत माळशेजचा घाट, आणि पुढे उजेड म्हणून दोन पिवळट ठिपके. खड्डा दिसतो तो चाक त्यात आदळल्यावर. हा माणूस चांगले हेडलाइट मागतो यात काय चुकले? काहीच नाही. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होते, आणि त्या पायरीवर त्याच्याबरोबर तुम्ही-आम्ही सगळे उभे आहोत.

तो दुकानात जातो. दुकानदाराचा प्रश्न ठरलेला असतो: किती वॉटचा टाकू? मूळचा उजेड कुठे गेला, हे तोही विचारत नाही आणि मालकही. या गाड्यांत कारखान्यातून येतो तो बल्ब एच-४ जातीचा, अपरला ६० वॉट आणि डिपरला ५५. प्रमाणित मोजणीत असा एक बल्ब अपरला साधारण १,६५० आणि डिपरला १,००० ल्युमेन उजेड देतो. गाडी नवी होती तेव्हा एवढ्यावर याच मालकाने हाच घाट उतरला होता. आता तो उजेड पुरत नाही, कारण बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, लाइटचा स्विच, डिपरची दांडी, मधले पाच-सहा जोड आणि गंजलेले अर्थिंग असा फेरा मारून बल्बपाशी येते आणि प्रत्येक जोडावर थोडी थोडी वाया जाते. व्होल्टेज दहा टक्के घटले तर हॅलोजनचा उजेड दहा टक्क्यांनी घटत नाही, तो जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. त्यात रिफ्लेक्टरचा मुलामा उडालेला, काचेच्या आत गेल्या पावसाळ्यातल्या पाण्याची वाळलेली रेघ. दुखणे वायरीत आणि रिफ्लेक्टरमध्ये, औषध मात्र बल्बला.

पुणे-नाशिक रस्त्यालगत एका इलेक्ट्रिशियनच्या टपरीवजा दुकानात मी अधूनमधून बसतो. त्याने पत्र्याच्या डब्यात जळके होल्डर जमवून ठेवले आहेत. एक हातात घेऊन पाहिला. मूळच्या पांढऱ्या प्लास्टिकचा रंग तपकिरी, एका पिनेभोवतीचा भाग वितळून कललेला, आणि मागच्या वायरीचे वेष्टन इतके कडक की बोटाने वाकवले तर तुटून हातात येते. त्या गाडीत कोणीतरी १००/९० वॉटचे बल्ब टाकले होते. साठ वॉटचा बल्ब पाच अँपिअर ओढतो, शंभरचा आठाहून जास्त. दोन बल्बांचे सोळा-सतरा अँपिअर त्याच जुन्या बारीक वायरीतून आणि त्याच जुन्या स्विचमधून न्यायचे. गाडी पेटली नाही हे नशीब. आणि एवढे करून, वायरीतच वीज जिरल्यामुळे, उजेड अपेक्षेच्या पुष्कळच खाली.

मग आले एलईडी. आता बहुतेकांचा ओढा तिकडेच. डबीवर हजारोंचे ल्युमेन छापलेले, उजेड दुधासारखा पांढरा, वीज कमी लागते, वायर तापत नाही. तक्रारीला जागा कुठे? जागा आहे. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याचे एक इवलेसे कवच असते. त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि तिथून उलटून खाली रस्त्यावर येतो. वर, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर, जाऊ नये यासाठी ते कवच. तार कुठे असावी, कवच कुठे असावे, हे मिलिमीटरात बसवलेले असते. त्या रिफ्लेक्टरमध्ये जाड दांड्यावर दोन बाजूंना चिप चिकटवलेला दिवा खुपसला की उजेड जिथे निघायला हवा तिथून निघत नाही आणि वाट फुटेल तिकडे उधळतो: झाडाच्या शेंड्यावर, घाटाच्या कड्यावर, येणाऱ्या माणसाच्या बुबुळात. बंपरवर लावायच्या एलईडी पट्टीला तर अपर-डिपर काहीच नसते. ती पेटते किंवा विझते, आणि ती विझवायचे कोणाच्या लक्षात येत नाही. कित्येक स्वस्त दिवे आणि आख्खी हेडलाइट परदेशच्या बाजारासाठी बनलेली असतात. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते, म्हणून डिपरचा झोत डावीकडे थोडा उचललेला असतो, कडेची वाट दिसावी म्हणून. उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला दिवा तोच झोत उजवीकडे उचलतो. आपल्या रस्त्यावर उजवीकडून कोण येत असते, हे सांगायला नको.

गंमत अशी की यात मालकाला स्वतःलाही धड लाभ नाही. बंपरपुढचे दहा-पंधरा मीटरचे डांबर झगझगीत उजळले की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे कमी दिसू लागते. पावसात, धुक्यात तर तो पांढरा उजेड उलटून त्याच्याच डोळ्यांवर येतो. पण समोर सगळे लख्ख दिसते आहे असे त्याला वाटते, आणि पैसे त्याने त्या वाटण्याचेच मोजलेले असतात.

आता पिकअपची खासियत. ती माल वाहते. हौद्यात दीड टन माल पडला की मागचे पाटे दबतात, नाक वर होते. नाक एका अंशाने वर झाले तर पन्नास मीटरवर झोत सत्त्याऐंशी सेंटिमीटर वर चढतो. रिकाम्या गाडीत सरळ असलेला डिपर भरलेल्या गाडीत बरोबर समोरच्या चालकाच्या चेहऱ्यावर जातो. हे मूळच्या पिवळ्या बल्बनेही व्हायचे, आता ते अनेक पटींनी होते. ताशी साठच्या वेगाने येणारा माणूस एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जातो. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले, तर पन्नास मीटर तो आंधळ्यासारखाच गेला. साठी ओलांडलेल्यांना, मोतीबिंदू धरू लागलेल्यांना सावरायला आणखी वेळ लागतो. त्या पन्नास मीटरांत काय काय असू शकते, याची यादी या राज्यात कोणालाही करता येईल.

आणि इथे मी मुद्द्यावर येतो. दिवा बदलणाऱ्या त्या एका माणसाशी माझे भांडण नाही. रात्रीच्या रस्त्यावर आपण सगळे एकमेकांशी कसे वागतो ते नीट पाहा. समोरून एसटी आली तर पिकअपवाला डिपर मारतो. कंटेनर आला तर मारतो. तेवढीच उंच, तेवढ्याच प्रखर दिव्यांची गाडी आली तर दोघेही एक-दोनदा उघडझाप करून समजुतीवर येतात. याला आपण रस्त्यावरची माणुसकी म्हणतो. पण मोटारसायकल आली की डिपर उशिरा पडतो. सायकल आली की पडतच नाही. आणि रस्त्याच्या कडेने बाई डोक्यावर भारा घेऊन चालली असेल, कारखान्याची पाळी संपवून कामगार घरी निघाला असेल, पालखीबाहेरच्या दिवसांत एखादी छोटी दिंडी पहाटे चालू लागलेली असेल, तर त्यांच्यासाठी डिपर मारावा हे कोणाच्या मनातही येत नाही. का? त्यांच्याकडे उलट मारायला दिवा नाही. ज्याला आपले डोळे दिपवता येतात त्याच्याच डोळ्यांची आपण काळजी घेतो. आपली सभ्यता समोरच्याचे उपद्रवमूल्य पाहून वर-खाली होते, आणि ज्याच्यापाशी ते शून्य त्याच्या वाट्याला ती शून्यच येते.

हे फक्त रस्त्यावरच शिकलो असे कोण म्हणेल? कचेरीत खुर्ची पाहून उठणारे आपण, पाणवठ्यावर जात पाहून बाजूला होणारे किंवा बाजूला करणारे आपण, गल्लीतल्या लग्नात शेजारच्या आजाऱ्याच्या खिडकीला कर्ण्यांची भिंत लावणारे आपण. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लेझरच्या झोतांनी पोरांच्या डोळ्यांचे पडदे भाजल्याच्या बातम्या येऊ लागल्या. पुढे काही शहरांत पोलिसांना बंदीचे आदेश काढावे लागले. भाजलेली पोरे आपलीच, भाजणारा देखावाही आपल्याच वर्गणीचा. डोळ्यात सोडलेल्या झोताला वैभव समजणारा समाज पिकअपवाल्याला कोणत्या तोंडाने शहाणपण शिकवणार?

त्याला अडाणी म्हणून नावे ठेवणारा शहरी वर्ग तर आणखी पुढे आहे. वीस-पंचवीस लाखांची उंच गाडी, कारखान्याचेच प्रखर दिवे, त्यावर हौसेने लावलेले जादा फॉग, आणि द्रुतगती मार्गावर पुढच्याने वाट द्यावी म्हणून मागून अपरचा मारा. पुढाऱ्यांच्या ताफ्याचे तर बोलायलाच नको. तिथे लुकलुकणारा दिवा हा अधिकाराचाच भाग. पिकअपवाल्याची मागणी निदान पोटाची आहे, यांची कशाची?

अपघातांच्या सरकारी आकड्यांत याला जागा नाही, हेही बोलके आहे. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली बत्तीस हजारांहून अधिक चालणारी होती. दिवसाचे वाटे पाडले तर सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्ये. नियमभंगांच्या तक्त्यात रकाने आहेत ते वेगाचे, दारूचे, चुकीच्या बाजूचे, सिग्नलचे, मोबाइलचे, आणि उरलेले सगळे ‘इतर’मध्ये. दिपलेल्या डोळ्यांचा रकाना नाही. दिपून ट्रॉलीवर आदळलेला मोटारसायकलवाला बहुधा वेगाच्या खात्यावर जमा होतो, आणि ज्याच्या दिव्याने तो दिपला ती गाडी तोवर पुढच्या गावात पोचलेली असते. तिच्या चालकाला मागे काय झाले याचा पत्ताही नसतो. खून करून कळू नये अशी सोय झाली आहे.

कायदा नाही असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यांतला १०६ वा नियम स्पष्ट सांगतो की पुढचा झोत कायम खाली वळलेला असावा, आठ मीटरवर दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिपवणारा नसावा. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते. ज्या उल्लंघनाला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याला पहिल्या खेपेला पाचशे रुपये दंड. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी तो शंभर होता. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी. म्हणजे दरवर्षी एकदा तरी कोणी जबाबदार माणूस त्या दिव्यांकडे पाहतो, असे कागदावर आहे. प्रत्यक्षात पासिंगच्या आदल्या दिवशी एलईडी उतरतात, जुने हॅलोजन चढतात, पट्टीवर कापड बांधले जाते किंवा ती काढून सीटखाली जाते, आणि पासिंग झाल्या दिवशी सगळे पुन्हा जागच्या जागी. हे मालकाला माहीत, एजंटाला माहीत, तपासणाऱ्याला माहीत. कोणी कोणाला फसवत नाही. सगळे मिळून उद्या रात्री समोरून येणाऱ्याला फसवतात.

पूर्वी ट्रकच्या हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासलेला असे. पुष्कळांना आठवत असेल. शास्त्र म्हणून तो उपाय कच्चा होता, पण समोरच्याला डोळे आहेत एवढे तरी त्या फराट्याने कबूल केले होते. आता मागच्या फाळक्यावर रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगवलेली असते आणि पुढच्या बंपरवर एलईडीची दोन फुटी पट्टी. मागच्याला विनवणी, पुढच्यावर दांडगाई.

मग जुन्या पिकअपवाल्याने करावे काय? अंधारात चाचपडत जावे? मुळीच नाही. इलाज आहे, फक्त त्यात दिखाऊपणा नाही. त्या इलेक्ट्रिशियनने एका गाडीचे काम माझ्यासमोर केले. आधी त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजले, आणि मालकाला दोन्ही आकडे दाखवले. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट पुढे आणली, अपरला एक आणि डिपरला एक असे दोन रिले बसवले. जुन्या वायरिंगवर काम उरले ते फक्त रिले उघडझाप करण्याचे, ज्याला वीज नावालाच लागते. बॉडीवरचा रंग खरवडून अर्थिंग नवे केले. पिवळ्या पडलेल्या रिफ्लेक्टरची दोन्ही हेडलाइट बदलली, बल्ब मात्र तेच ६०/५५ चे, चांगल्या बनावटीचे. एवढ्याने उजेड जो वाढला तो पाहून मालकाने दोनदा विचारले, बल्ब खरोखर साधाच आहे ना म्हणून. खर्च एलईडीची जोडी आणि पट्टी मिळून जो आला असता त्याच्या आसपासच.

शेवटचे काम लोक करूच देत नाहीत: झोत बसवण्याचे. सपाट जागा, दहा मीटरवर भिंत, भिंतीवर हेडलाइटच्या मध्याच्या उंचीला खडूची रेघ, आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या किमान दहा सेंटिमीटर खाली येईल असे मागचे स्क्रू फिरवायचे. पंधरा मिनिटे लागतात. पण पिकअपच्या बाबतीत एक अडचण आहे आणि खरी परीक्षा तिथेच आहे. झोत भरल्या गाडीवर बसवायला हवा. मग रिकाम्या गाडीत नाक खाली असते, उजेड जवळ पडतो, परतीच्या वाटेवर लांबचे कमी दिसते आणि गाडी हळू चालवावी लागते. नव्या काही गाड्यांत डॅशबोर्डवरून झोत वर-खाली करायची चकती असते. जुन्यांत बहुधा नसते. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांसाठी आपल्या वेगातले दहा-पंधरा किलोमीटर सोडायचे. समोरचा कोण, हे ठाऊक नाही. तो आभार मानणार नाही. त्याला कळणारही नाही. इतका मामुली त्याग मागितला की आपल्याकडे लगेच उत्तर येते: सगळे करतील तेव्हा मी करीन. अस्पृश्यतेपासून हुंड्यापर्यंत प्रत्येक सुधारणेला या समाजाने आधी हेच उत्तर दिले आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बैलगाड्यांची रांग लागते. मराठवाड्यातून आलेली जोडपी, मोळ्यांवर पोर निजलेले, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचीही तीच गत. त्यांनी दिवे लावावेत, पट्ट्या लावाव्यात, कारखान्यांनी त्या द्याव्यात आणि काटा करण्याआधी तपासाव्यात, हे खरेच आहे. पण समोरून झोत आला की बैल बुजतो, आणि मागून येणाऱ्याला त्याच झोतात पुढची गाडी दिसत नाही. तिथे पट्टीही कामाला येत नाही.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक बाजार समितीच्या आवारात वजनकाटा असतो आणि त्याच्यापुढे भरलेल्या पिकअपची रांग असते. रांगेत अर्धा तास जातो, चालक मोबाइल पाहत बसतो. आसपास एखादी भिंत असतेच. त्या भिंतीवर उंचीच्या रेघा रंगवा, जमिनीवर दहा मीटरची खूण करा, एक इलेक्ट्रिशियन स्क्रूड्रायव्हर देऊन बसवा आणि झोत बसल्याशिवाय पावती फाडू नका. गाडी त्या वेळी भरलेली असते, म्हणजे झोत बसवायला याहून योग्य जागा दुसरी नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही, मंत्र्याच्या हस्ते उद्घाटनही लागत नाही. रंगाचा डबा कोणत्या खात्यातून घ्यायचा यावर बैठक बसेल, उपसमिती नेमली जाईल, हे मी ओळखून आहे. डबा मी देतो. ब्रशही.